झिप उघडली की मराठी नावांचा बट्ट्याबोळ: लिनक्सवर निदान आणि उपाय

नागपुरात महाल भागातल्या डीटीपीवाल्याकडून किंवा एखाद्या तालुक्याच्या ऑफिसातून झिप येते. आत काटोल, नरखेड, रामटेकच्या याद्या असतात, नावं मराठीत. पाठवणाऱ्याच्या विंडोजवर सगळं नीट दिसतं. धरमपेठेतल्या ऑफिसात तीच झिप उबुंटूवर उघडली की नावांच्या जागी ग्रीक अक्षरं, चौकटींचे तुकडे, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं. फाईलवर डबल क्लिक केलं तर आतली पीडीएफ मात्र व्यवस्थित उघडते.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी एकच उत्तर मिळतं: "झिप करप्ट आहे, परत पाठवा." परत मागवली तरी तेच होतं, कारण बहुतेक वेळा झिप करप्ट नसतेच. नावाचे बाइट आत जसेच्या तसे असतात, फक्त ते चुकीच्या एन्कोडिंगने (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याने) वाचले जातात. नाव नेमकं कसं बिघडलंय ते बारकाईने बघितलं तर कारण तिथेच कळतं. त्यामुळे आधी बिघडलेलं नाव वाचा, मग कमांडला हात घाला.

खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायच्या. पर्यायाच्या अक्षराआधी "मोठा" लिहिलं असेल तर कॅपिटल, नाहीतर लहान अक्षर.

सुरुवात इथून

मूळ झिपला हात लावू नका. एक नवं रिकामं फोल्डर करा, झिपची प्रत त्यात ठेवा आणि सगळे प्रयोग तिथेच करा. आधीच बिघडलेल्या नावांच्या फाईल ज्या फोल्डरमध्ये पडल्या आहेत, तिथेच पुन्हा एक्स्ट्रॅक्ट केलं की जुन्या-नव्या फाईल मिसळतात आणि कोणती कुठली ते कळेनासं होतं.

आता तपासणी:

अनझिप -टी यादी.झिप

ही कमांड आतल्या प्रत्येक फाईलचा सीआरसी (मजकूर बदलला का ते सांगणारा तपासणी आकडा) ताडून बघते. शेवटी "नो एरर्स डिटेक्टेड" आलं तर आतला मजकूर शाबूत आहे आणि प्रश्न फक्त नावांचा आहे. एरर आली तर थेट खालच्या "झिप खरंच खराब असेल तर" या भागाकडे जा.

मग:

झिपइन्फो यादी.झिप

यात प्रत्येक फाईलसाठी एक ओळ येते. तिसऱ्या रकान्यात झिप कोणत्या प्रकारच्या सिस्टमवर बनली ते असतं: "एफएटी" किंवा "एनटीएफ" म्हणजे डॉस-विंडोजच्या वळणाची, "यूएनएक्स" म्हणजे युनिक्सच्या वळणाची, ज्यात लिनक्स आणि मॅक दोन्ही येतात. पाचव्या रकान्यातलं पहिलं अक्षर मोठा बी किंवा मोठा टी असेल तर त्या फाईलला पासवर्ड आहे. एवढी माहिती पुढे लागणार आहे.

नावात ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन

मराठी नावांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि यावर इलाज पूर्ण होतो. नाव बघा: दर दोन-तीन चिन्हांनी अल्फा येतो, त्याच्यामागे नागमोडी रेघेचा एन (कधी लहान, कधी मोठा) आणि मग एखादं भलतंच चिन्ह. असा त्रिकुटांचा ताल दिसला की निदान झालं.

कारण असं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. पहिला बाइट (सोळामान आकड्यांत) कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा बदलता. "म" म्हणजे ई० ए४ एई, "र" म्हणजे ई० ए४ बी०, दीर्घ वेलांटी म्हणजे ई० ए५ ८०. झिप फॉरमॅट आला १९८९ साली, फिल कॅट्झच्या पीकेझिपबरोबर, आणि त्यातली नावं आयबीएम पीसीच्या कोडपेज ४३७ या अक्षरतक्त्यामध्ये गृहीत धरली जात. त्या कोडपेजमध्ये ई० म्हणजे अल्फा, ए४ म्हणजे नागमोडी रेघेचा लहान एन आणि ए५ म्हणजे तोच मोठा. म्हणून प्रत्येक देवनागरी चिन्हामागे एक अल्फा आणि एक एन. "र" चा शेवटचा बाइट बी० तिथे ठिपक्यांची चौकट होतो. चौकटींचे तुकडे येतात ते असे.

झिपमधलं नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगायची सोय २००६ साली फॉरमॅटच्या अधिकृत वर्णनात आली. प्रत्येक फाईलच्या हेडरमधला ११ क्रमांकाचा बिट चालू केला की वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ते कळतं. घोळ होतो तो नाव यूटीएफ-८ मध्ये लिहून हा बिट बंदच ठेवणाऱ्या प्रोग्रॅममुळे. काही जुनी बॅकअप सॉफ्टवेअरं, पोर्टलवरून "सगळं डाउनलोड करा" म्हटल्यावर झिप बनवणाऱ्या काही घरगुती स्क्रिप्ट आणि मॅकच्या फाइंडरमधून बनलेल्या झिप या प्रकारात सापडतात. मॅकची झिप ओळखायची सोपी खूण म्हणजे आत "मॅकओएसएक्स" नावाचं जास्तीचं फोल्डर असतं. ते खुशाल पुसा.

कधी अल्फाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा ओ दिसतो, एन तोच राहतो. तिथे वाचणाऱ्याने कोडपेज ८५० धरलेलं असतं. उपाय तोच.

उबुंटू आणि डेबियनच्या अनझिपमध्ये एन्कोडिंग सांगायचे दोन वेगळे पर्याय आहेत. मोठा ओ हा डॉस-विंडोज वळणाच्या झिपसाठी, मोठा आय हा युनिक्स वळणाच्या झिपसाठी. झिपइन्फोचा तिसरा रकाना इथे कामी येतो. मात्र काही विंडोज प्रोग्रॅम स्वतःची आवृत्ती अशी नोंदवतात की अनझिप त्यांना दुसऱ्या गटात टाकतं, म्हणून सरळ दोन्ही द्यावेत:

अनझिप -(मोठा)ओ यूटीएफ-८ -(मोठा)आय यूटीएफ-८ यादी.झिप -डी नवीन

शेवटच्या "-डी नवीन" मुळे सगळं "नवीन" नावाच्या फोल्डरमध्ये उतरतं. आधी नुसती यादी बघायची असेल तर "-डी नवीन" काढून "-एल" लावा. नावं नीट दिसली की मगच एक्स्ट्रॅक्ट करा.

इंटरनेटवर या पर्यायाबरोबर रशियनसाठी ८६६, जपानीसाठी ९३२ असे आकडे दिलेले सापडतात. मराठीसाठी ते करून बघण्यात वेळ घालवू नका. साध्या विंडोज प्रोग्रॅमना वापरता येईल असं देवनागरीचं जुनं कोडपेज विंडोजमध्ये नव्हतंच, हिंदी आणि मराठी तिथे पहिल्यापासून यूनिकोडवर आहेत. त्यामुळे झिपमध्ये मराठी नाव टिकून असेल तर ते जवळपास नेहमी यूटीएफ-८ च असतं.

सगळ्या लिनक्स वितरणांच्या अनझिपमध्ये हे दोन पर्याय नसतात. नुसतं "अनझिप" टाइप करून एंटर दाबल्यावर येणाऱ्या मदतीत मोठा ओ दिसत नसेल तर "यूएनएआर" हे पॅकेज टाका. ते एन्कोडिंग स्वतः ओळखायचा प्रयत्न करतं, आणि चुकलं तर हाताने सांगता येतं:

यूएनएआर -ई यूटीएफ-८ यादी.झिप

याच्या जोडीचं "एलएसएआर" नुसती यादी दाखवतं. पायथन ३.११ किंवा त्यापुढचं असेल तर नवं काही न टाकताही काम होतं:

पायथन३ -एम झिपफाईल --मेटाडेटा-एन्कोडिंग यूटीएफ-८ -ई यादी.झिप नवीन

३.११ च्या आधीच्या पायथनमध्ये हा पर्याय नाही. तिथे ११ वा बिट बंद असला की नाव ४३७ धरूनच वाचलं जातं.

मूळ झिप हाताशी नाही, फाईल आधीच बिघडलेल्या नावांनी पडल्या आहेत

अल्फा-एन प्रकारात हेही उलटवता येतं, कारण कोडपेज ४३७ मध्ये २५६ च्या २५६ जागा भरलेल्या आहेत, एकही बाइट हरवत नाही. "कन्व्हएमव्ही" हे पॅकेज टाका आणि बिघडलेल्या फाईलींच्या फोल्डरमध्ये जाऊन:

कन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ-८ -टी सीपी४३७ -आर .

शेवटचा टिंब विसरू नका, तो "हेच फोल्डर" सांगतो. ही कमांड अशी चालवली तर काहीच बदलत नाही, काय बदलेल ते फक्त दाखवते. उजवीकडे शुद्ध मराठी नावं दिसली की त्याच कमांडला "--नोटेस्ट" जोडून पुन्हा चालवा. दिशा बघून घाबरू नका: आपण ४३७ मध्ये नाव "बदलत" नाही, चुकीने लागलेला ४३७ चा थर काढतोय. तो निघाला की खाली मूळ यूटीएफ-८ उरतं. तिरक्या रेघेचा ओ असेल तर ४३७ च्या जागी ८५०.

अल्फा नाही, पण येनचं चिन्ह दिसतं

नावात डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला लहान ए, त्यामागे एक गोल चलनचिन्ह किंवा जपानी येन असा ताल असेल तर तेच बाइट विंडोज-१२५२ म्हणून वाचले गेलेत. इथे सावध राहायला हवं. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत, आणि मराठीचं दुर्दैव असं की ८डी हा हलन्ताचा शेवटचा बाइट, ८१ हा ऱ्हस्व उकाराचा, ८एफ "ए" चा, ९० "ऐ" चा आणि ९डी "झ" चा. काही प्रोग्रॅम हे बाइट तसेच पुढे नेतात, काही टाकून देतात. टाकले गेले असतील तर प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक ऱ्हस्व उकार कायमचा गेला. म्हणून या प्रकारात नावं उलटवत बसण्याऐवजी मूळ झिप शोधा आणि वरच्या पद्धतीने नव्याने उघडा.

सगळीकडे प्रश्नचिन्हं

"????_????????.पीडीएफ" अशी नावं झिपच्या आतच असतील, म्हणजे झिपइन्फोतही आणि यूएनएआरमध्येही तशीच दिसत असतील, तर नाव झिप बनतानाच गेलं. पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम यूनिकोड न समजणारा होता, त्याने प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं. कोणतीही कमांड ते परत आणू शकत नाही.

यात एक मोठा धोका आहे, त्याकडे दुर्लक्ष होतं. सारख्या लांबीची नावं आता हुबेहूब एकसारखी झालेली असतात. "कुही" आणि "मौदा" ही दोन्ही नावं ४ चिन्हांची, दोन्हींची "????" होतात. एक्स्ट्रॅक्ट करताना अनझिप विचारतं की आधीची फाईल बदलू का, आणि घाईत मोठा ए (सगळ्यांना हो) दाबलं की एका तालुक्याची यादी दुसरीवर लिहिली जाते. ४० फाईलींची झिप उघडून फोल्डरमध्ये २६ च उरल्या तर कारण हेच. अशी झिप उघडायचीच असेल तर ७-झिपला सांगा की नाव सारखं आलं तर नवं नाव दे:

७झेड एक्स -एओयू यादी.झिप

सगळ्या फाईली वेगवेगळ्या पडतात, मग पीडीएफ उघडून हाताने नावं द्या. संख्या जास्त असेल तर पाठवणाऱ्याकडून नवी झिप मागवणंच बरं, आणि ती कशी बनवायची तेही त्याला सांगा (शेवटी दिलं आहे).

झिपच्या आत नाव बरोबर आहे आणि फक्त टर्मिनलमध्ये प्रश्नचिन्हं किंवा उलट्या रेघेनंतर "३४०", "२४४" असे आकडे दिसतात, ही गोष्ट वेगळी. ते ई० आणि ए४ चेच अष्टमान आकडे आहेत. फाईल ठीक आहे, टर्मिनलची लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) "सी" आहे इतकंच. "लोकेल" ही कमांड चालवून बघा.

हॅश, मोठा यू आणि चार अंक

फाईलचं नाव "#यू०९३६#यू०९४७#यू०९२४#यू०९१५" अशा धाटणीचं झालं असेल तर हे अनझिपने स्वतः केलंय. झिपमधलं नाव त्याला बरोबर कळलं, पण चालू लोकेलमध्ये देवनागरी लिहिता येत नाही असं त्याला वाटलं, म्हणून प्रत्येक चिन्हाचा यूनिकोड क्रमांक लिहून टाकला. (वरचं नाव "शेतक" असं सुरू होतं.)

हाताने चालवलं की सगळं नीट आणि रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेतून) चाललं की नावं अशी, ही तक्रार असेल तर कारण हेच समजा. क्रॉन तुमच्या लॉगिनची लोकेल उचलत नाही. डॉकरच्या छोट्या इमेजमध्येही लोकेल बहुधा बसवलेली नसते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही ओळ टाका:

एक्सपोर्ट (मोठे)एलसी_ऑल=(मोठा)सी.(मोठे)यूटीएफ-८

मराठी लोकेल बसवायची गरज नाही, यूटीएफ-८ असलेली कोणतीही चालते. आधी पडलेल्या फाईली पुसून झिप पुन्हा उघडा.

"फाईल नेम टू लाँग"

इंग्रजी नावांना ही एरर क्वचितच येते, मराठीला सारखी. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाईल सिस्टमवर फाईलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ चिन्हांची आहे. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट, म्हणजे लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. "शेतकऱ्यांची" हा डोळ्यांना पाच अक्षरांचा शब्द प्रत्यक्षात ११ चिन्हांचा, ३३ बाइटांचा आहे. परिपत्रकाचा अख्खा विषयच फाईलचं नाव म्हणून द्यायची सवय असेल तर ८५ ची हद्द सहज ओलांडली जाते. विंडोजवर ती फाईल सुखाने नांदते, उबुंटूवर उतरतच नाही.

पण नाव तितकं लांब नसतानाही एरर आली तर? तेव्हा अल्फा-एनचा घोळ लपलेला असतो. बिघडलेल्या नावात प्रत्येक देवनागरी चिन्हाची तीन चिन्हं होतात, आणि ती पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिताना ६ ते ७ बाइट खातात. म्हणजे ८५ ची हद्द घसरून ३६ ते ४२ वर येते. अशा वेळी नाव छोटं करायच्या मागे लागू नका, आधी वरच्या पद्धतीने यूटीएफ-८ सांगून उघडा. बऱ्याचदा लांबीची एरर आपोआप जाते.

खरंच ८५ च्या वर असेल तर ती एकच फाईल पाइपने बाहेर काढा:

अनझिप -पी यादी.झिप "*परिपत्रक*" > परिपत्रक.पीडीएफ

तारांकित नमुना एकाच फाईलला जुळतोय याची खात्री करा, नाहीतर दोन पीडीएफ एकाला एक चिकटून येतील.

दोन फाईली, नाव अगदी सारखं

हा प्रश्न मराठीत "ऱ्य" मुळे येतो, आणि आपल्याकडच्या याद्यांत तो अटळ आहे: शेतकऱ्यांची, कर्मचाऱ्यांची, अधिकाऱ्यांच्या. फोल्डरमध्ये "शेतकऱ्यांची यादी" दोनदा दिसते, किंवा स्क्रिप्ट म्हणते फाईल नाही आणि डोळ्यांसमोर ती असते.

हे अर्धं र तीन प्रकारे लिहिलं जातं. पहिला, ऱ (०९३१) आणि हलन्त. दुसरा, साधा र, त्याखाली नुक्ता (०९३० ०९३सी) आणि हलन्त. तिसरा, साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह (२००डी), जो काही कीबोर्ड लेआउटमधून येतो. पडद्यावर तिन्ही एकच, बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क पहिल्या प्रकाराचं नाव तोडून दुसऱ्या प्रकारात साठवते, त्यामुळे मॅकवरून फिरून आलेल्या झिपमध्ये दुसरा प्रकार सापडतो. लिनक्स बाइट जसे आहेत तसे ठेवतं, म्हणून त्याच्या लेखी या वेगवेगळ्या फाईली.

नक्की कोणता प्रकार आहे ते बघायला:

एलएस | एक्सएक्सडी -पी

"ऱ" असेल तर ई०ए४बी१ दिसेल. र आणि नुक्ता असेल तर ई०ए४बी० नंतर लगेच ई०ए४बीसी. झेडडब्ल्यूजे असेल तर ई२८०८डी. दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर:

कन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ-८ -टी यूटीएफ-८ --एनएफसी -आर .

(इथेही "--नोटेस्ट" जोडल्याशिवाय बदल होत नाही.) तिसरा प्रकार याने सुटत नाही, कारण यूनिकोडच्या नियमांत तो पहिल्याशी समान धरलेलाच नाही. तो "रिनेम" ने किंवा हाताने बदलावा लागतो. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच इनस्क्रिप्ट लेआउट वापरला तर पुढे हा त्रास बराच कमी होतो.

जाता जाता: नाव नीट दिसतं पण फाईल उघडल्यावर आत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, याचा झिपशी संबंध नाही. तो मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेला आहे. फाँट टाका किंवा कन्व्हर्टर वापरा.

झिप खरंच खराब असेल तर

"एंड ऑफ सेंट्रल डिरेक्टरी सिग्नेचर नॉट फाउंड" याचा अर्थ फाईलचं शेपूट आलेलं नाही. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून ९९ टक्के उतरलेली झिपही उघडत नाही. मे महिन्यात डाउनलोडच्या मध्येच लाइट गेली, राउटर बंद पडला की हेच होतं. लिंक हाताशी असेल तर "डब्ल्यूगेट -सी" पुढे लिंक द्या, सर्व्हर परवानगी देत असेल तर उरलेलाच भाग उतरतो. लिंक नसेल तर:

झिप -(मोठा)एफ(मोठा)एफ तुटकी.झिप --आउट दुरुस्त.झिप

पूर्ण उतरलेल्या फाईली वाचतात, मधे तुटलेली एक जाते.

त्याआधी मात्र "फाईल यादी.झिप" ही कमांड चालवा. उत्तर "एचटीएमएल डॉक्युमेंट" आलं तर ती झिप नाहीच, लॉगिनचं किंवा एररचं वेबपेज त्या नावाने सेव्ह झालंय. कॉलेजच्या वायफायवर लॉगिन न करता डाउनलोड केलं की असं होतं. "गझिप: नॉट इन गझिप फॉरमॅट" या एररमागेही बऱ्याचदा हेच असतं.

"नीड पीके कॉम्पॅट ५.१, कॅन डू ४.६" किंवा "कॉम्प्रेशन मेथड ९९" म्हणजे एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचा पासवर्ड. अनझिपची ६.० ही आवृत्ती २००९ ची, तिला एईएस कळत नाही. पासवर्ड कितीही वेळा बरोबर टाकला तरी उपयोग नाही. "७झेड एक्स यादी.झिप" वापरा.

सीताबर्डीतून आणलेल्या पेनड्राइव्हवर मोठी झिप कॉपी होताना ४ जीबीला अडकत असेल तर ड्राइव्ह एफएटी३२ आहे. त्यावर एका फाईलची हद्द ४ जीबीला एक बाइट कमी इतकीच असते. आत काही महत्त्वाचं नसेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नाहीतर "स्प्लिट -बी ३(मोठा)जी" ने तुकडे करा आणि पलीकडे "कॅट" ने जोडा. जोडताना तुकड्यांचा क्रम तपासा.

पाठवणाऱ्याला काय सांगायचं

मराठी नावांसाठी सगळ्यात निर्धोक फॉरमॅट ७झेड. त्यात नावं कायम यूनिकोडमध्येच लिहिली जातात, कोडपेजचा प्रश्नच येत नाही. पलीकडे ७-झिप असेल तर हाच वापरा. झिपच हवी असेल आणि पाठवणारा विंडोजवर असेल तर ७-झिपमध्ये "ॲड टू आर्काइव्ह" खिडकीतल्या "पॅरामीटर्स" या चौकटीत "सीयू=ऑन" लिहायला सांगा. लिनक्सवरून झिप बनवताना:

झिप -(मोठे)यूएन=यूटीएफ८ -आर यादी.झिप याद्या

याने ११ वा बिट चालू होतो. पाठवायच्या आधी "अनझिप -एल यादी.झिप" करून नावं बघा, आणि आतल्या फाईलींची संख्या निरोपात लिहा. ४० लिहिलेल्या असतील आणि पलीकडे २६ उतरल्या, तर घोळ तिथल्या तिथे कळतो.